हायस्कुलातील मुलांस सट्ट्याचा हिशेब शिकवावा

कापसाचा पहिला वेचा विकला गेला, सोयाबीन बाजार समितीच्या काट्यावर चढले आणि चुकाऱ्याची रक्कम बँकेच्या खात्यावर जमा झाली, म्हणजे आमच्या वऱ्हाडातील कास्तकाराच्या घरी वर्षातून एकदा पैसा दिसतो. तो कोठे जातो हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. बी-बियाणे, खत, फवारणी, सालदाराचे पैसे, व्याज, लग्नकार्य, ही सर्व खाती ज्याच्या त्याच्या परिचयाची आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत यांत एका नव्या खात्याची भर पडली असून, ते खाते बाप उघडीत नाही, मुलगा उघडतो. आणि तेही बापाच्या नकळत, पुष्कळदा बापाच्याच मोबाइलवर. क्रिकेटच्या सामन्यांवर लावावयाचा सट्टा हे ते खाते होय. याविषयी आमची एक सूचना आहे. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील हायस्कुलांतून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस जुगाराचे व सट्ट्याचे गणित रीतसर शिकविण्यात यावे.

ही सूचना ऐकून कित्येक वाचक दचकतील. शाळा म्हणजे सरस्वतीचे मंदिर, तेथे जुगाराचे नाव तरी कशास काढावयाचे, असे ते म्हणतील. आणि मुलांच्या हाती आपणच फासे द्यावयाचे काय, असेही विचारतील. या आक्षेपाकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. तत्पूर्वी एका जुन्या गोष्टीची आठवण देणे आम्हांस अवश्य वाटते. कारण महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जुगार ज्या वस्तूच्या भावातून जन्मास आला, ती वस्तू आमच्याच वावरात पिकणारी आहे.

मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कच्या बाजाराचे कापसाचे भाव तारयंत्राने येत असत. बाजार उघडतानाचा एक व बंद होतानाचा एक, असे दोन भाव. कापसाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही असे लोक त्या भावातील आकड्यांवर पैसे लावू लागले. यालाच आकडा म्हणत. न्यूयॉर्कहून येणारे हे भाव १९६१ साली बंद झाले. जुगार मात्र बंद झाला नाही. १९६२ साली वरळीस कल्याणजी भगत याने व १९६४ साली रतन खत्री याने आपापले आकडे काढण्यास आरंभ केला. मातीच्या मडक्यातून चिठ्ठी काढीत म्हणून त्यास मटका हे नाव पडले. पुढे मडके गेले, पत्त्यांचा जोड आला, पण नाव राहिले. उघडण्याच्या भावाचा 'ओपन' व बंद होण्याच्या भावाचा 'क्लोज' हे शब्दही तसेच राहिले. वरळी येथून सुमारे सहाशे किलोमीटर दूर, तरी आमच्याकडील पोलिसांच्या धाडीच्या बातमीत आजही 'वरली मटका' हाच शब्द असतो. कापूस पिकविणाऱ्याला त्याच्या कापसाचा न्यूयॉर्कचा भाव कधी कळला नाही. पण त्या भावावरून निघालेला आकडा मात्र त्याच्या गावच्या पानठेल्यापर्यंत पोहोचला!

आता या मटक्याचा हिशेब पाहू. शून्य ते नऊ या अंकांचे तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, व बेरजेतील एकंस्थानचा अंक घ्यावयाचा. तीन, सहा व आठ हे पत्ते निघाले तर बेरीज सतरा, म्हणून अंक सात. एका अंकावर एक रुपया लावणाऱ्यास, अंक लागल्यास, साधारणतः नऊ रुपये मिळतात. अंक दहा आहेत. म्हणजे दहा माणसांनी दहा अंकांवर प्रत्येकी शंभर रुपये लावले तर जमा १,०००, आणि एकास द्यावयाचे ९००. राहिलेले १०० खायवालाचे. दोन अंकांच्या जोडीस नव्वदपट देतात, पण जोड्या शंभर असल्यामुळे कटती तीच राहते. शेकडा १०, दर डावास, पाऊस पडो वा न पडो.

वाचकांनी या कटतीकडे जरा निरखून पाहावे. काट्यावर क्विंटलमागे किलो दोन किलो कटती कोणी अधिक धरली तर आपण किती भांडतो! मापाड्याचा हात काट्यावर तर नाही ना, हे पाहण्यासाठी कास्तकार उन्हात उभा राहतो. आणि ते योग्यच आहे. याच वऱ्हाडात कारंजाचा बाजार १८८६ साली नियमाखाली आला, १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला, आणि त्या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती. ती ही की, वजन व भाव विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावे. असे असता त्याच कास्तकाराचा मुलगा ज्या काट्यावर आपले पैसे घालतो त्या काट्याची कटती किती आहे हे त्याला ठाऊक नसते, बापाला ठाऊक नसते, आणि शाळेतील मास्तरांसही ते सांगावे असे वाटत नाही. आमचे म्हणणे काय ते एवढेच आहे की, हा काटा मुलास दाखवावा.

क्रिकेटचा सट्टा मटक्यापेक्षा सभ्य दिसतो, म्हणून तो अधिक घातक आहे असे आमचे मत आहे. मटका लावणारा स्वतःस जुगारी समजतो. सामन्यावर लावणारा स्वतःस जाणकार समजतो. खेळपट्टी कशी, नाणेफेक कोणी जिंकली, कोणाचा हात लागला आहे, हे त्याला तोंडपाठ असते. खेळाचे प्रेम हे काही पाप नव्हे. अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे व त्याचे पथक १९३६ साली बर्लिनपर्यंत जाऊन आले. विदर्भाच्या संघाने रणजी करंडक तीनदा जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा व अकोल्याचा अथर्व तायडे यांची नावे आमच्या गावची पोरे अभिमानाने घेतात. तळेगाव दशासरच्या शंकरपटास जाऊन बैलजोडीचे कौतुक करणाऱ्यांपैकी आम्हीही आहोत. तेव्हा खेळावर आमचा रोष नाही. परंतु खेळाची जाण निराळी आणि भावाची जाण निराळी. सामना बरोबरीचा असेल तर दोन्ही संघांस नव्वद पैशांचा भाव निघतो, असे धरू. शंभर रुपये लावणारा जिंकला तर नव्वद मिळवितो, हरला तर शंभर गमावतो. दोघांनी दोन बाजूंस शंभर शंभर लावले तर खायवालाकडे २०० जमा होतात व तो जिंकणाऱ्यास १९० देतो. शेकडा ५ त्याचे. ही कटती मटक्याच्या निम्मी दिसते खरी. पण मटका दिवसातून ठरावीक वेळीच निघतो, आणि सामन्यात दर काही षटकांस 'सेशन' असते, शेवटी शेवटी तर दर चेंडूस. शेकडा ५ कटतीच्या डावात एक हजार रुपये वीस वेळा फिरविले तर सरासरीने त्यांचे सुमारे ३५८ उरतात. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण मुले शाळेत सोडवितातच. हे तेच उदाहरण उलटे लिहिले आहे, एवढेच.

आणखी एक भ्रम फार प्रचलित आहे. हरलो तर पुढच्या डावास दुप्पट लावावे, म्हणजे एक ना एक डाव जिंकताच मागचे सर्व भरून निघते, अशी युक्ती प्रत्येक पिढीतील मुलास नव्याने सुचते व ती आपणच शोधून काढली असे त्यास वाटते. (आम्हांसही एके काळी सुचली होती.) हिशेब असा. पहिल्या डावास १००, हरला; २००, हरला; ४००, हरला; ८००, हरला. गेले १,५००. पाचव्या डावास १,६०० लावले व तो जिंकला! नव्वद पैशांच्या भावाने मिळाले १,४४०. म्हणजे जिंकूनही ६० रुपयांचा तोटा. हे उदाहरण फळ्यावर मांडण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत म्हणून काय होते, याचे एक उदाहरण आम्हांस ठाऊक आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता एका तालुक्याच्या ठिकाणी एक वृद्ध कास्तकार फेरफाराची नक्कल मागण्यास आला होता. पाच एकरांपैकी अडीच एकर त्याने विकले होते व खरेदीखताप्रमाणे फेरफार होऊन गेला होता. नकलेची घाई का, असे सहज विचारता त्याने जी हकीकत सांगितली ती अशी. मुलगा दहावीत असल्यापासून सामन्यांवर लावी. प्रथम पन्नास, मग शंभर. कॉलेजास गेल्यावर गावातल्याच एका खायवालाने त्याला उधारीवर खेळू दिले. हरलेली रक्कम व्याजाने वाढत गेली. बाप मारील या भीतीने मुलाने आठ-नऊ महिने तोंड उघडले नाही. आणि जेव्हा वसुलीस माणसे घरी आली तेव्हा उधारी अशा आकड्यास पोहोचली होती की, वावर विकल्यावाचून मार्ग राहिला नाही. विहीर असलेला तुकडा गेला, कोरडवाहू राहिला. एवढे सांगून तो म्हातारा आम्हांस म्हणाला, "बाबूजी, पोरगं गणितात हुशार व्हतं. मंग हा हिशोब त्याले शाळेत कोनी सांगतला नाही काय?"

आम्ही त्यास काय सांगणार? नक्कल दिली. परंतु तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. सात-बाऱ्यावर खरेदी लागते, गहाण लागते, बोजा चढतो व उतरतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे सर्व लिहिले जाते. पण का गेली याचा रकाना त्यात नसतो. म्हणून सट्ट्यापायी या दोन जिल्ह्यांतील किती एकर जमीन हलली हे कोणत्याही दप्तरातून निघणार नाही. दप्तरात जे नाही ते सरकारास दिसत नाही. गावास मात्र दिसते.

आता कोणी म्हणेल की, कायदा आहे ना! कायदा आहेच. जुगारास प्रतिबंध करणारा मुंबईचा कायदा १८८७ सालचा असून रस्त्यावर मटका घेणाऱ्यावर आजही त्याच्याच १२ व्या कलमाखाली गुन्हा दाखल होतो. मोबाइलवरील पैशांच्या खेळांबाबत केंद्राने २०२५ साली निराळा कायदा केला व त्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्याने बाजूस सारला व पैसे लावून खेळावयाचे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेविलेली नाही, आणि ते आम्हांस योग्य वाटते. ज्या कंपनीचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होते ती त्याच महिन्यात तेथून दूर झाली. देशात सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात असा सरकारी अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. कायदा चांगला झाला असे आम्ही म्हणतो. परंतु तो जाहीरपणे चालणाऱ्या कंपन्यांस लागतो. परदेशात बसून, नाव बदलून, गुप्त संदेशांच्या गटांतून जे चालवितात त्यांचे काय? महादेव नावाच्या सट्ट्याच्या ॲपसह २२ ॲप व संकेतस्थळे केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात बंद करविली. त्याच वर्षी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली, व गोंदियास पडलेल्या धाडीत सुमारे १७ कोटींची रोकड हाती लागली. एक दार बंद केले की दुसऱ्या नावाने दुसरे उघडते. १८८७ च्या कायद्यास जवळजवळ दीडशे वर्षे होत आली तरी पोळ्याच्या करीस आमच्या गावोगावी एक्का-बादशाहाचे डाव बसतातच, हे वाचकांपैकी कोणी नाकारील असे आम्हांस वाटत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर विधिमंडळाच्या सभागृहात पत्त्यांचा खेळ चालू असल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांच्याकडील कृषिखाते गेले व क्रीडाखाते आले. खरेखोटे काय असेल ते असो. परंतु मंत्र्यांच्या मोबाइलवर जे न बोलाविता येते ते पंधरा वर्षांच्या पोराच्या मोबाइलवर येणार नाही असे कोण म्हणू शकेल? आणि तो मोबाइल त्याच्या हाती दिला कोणी? २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून आपणच, प्रसंगी शेळी विकून, तो घेऊन दिला. साथ गेली, मोबाइल राहिला. बापाच्या खात्यास जोडलेला यूपीआय त्यात असतो व त्याचा गुप्त आकडा घरात मुलाखेरीज दुसऱ्या कोणास धड आठवतही नाही!

आता मुख्य आक्षेप. शिकविल्याने मुले बिघडतील असे जे म्हणतात त्यांस आम्ही दहावीचे गणिताचे पुस्तक उघडून पाहण्याची विनंती करतो. २०१८ साली लागू झालेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या भागात 'संभाव्यता' नावाचे पाचवे प्रकरण आहे. त्यात नाणे आहे, फासा आहे, बावन्न पत्त्यांचा जोड आहे. त्याच्या आधीच्या 'अर्थनियोजन' या प्रकरणात शेअर व म्युच्युअल फंडही आहेत. म्हणजे फासे व पत्ते शाळेत आधीच गेले आहेत. फासा टाकला असता सहा पडण्याची संभाव्यता एक षष्ठांश, इतके लिहून मुलगा पूर्ण गुण मिळवितो, आणि तेथेच धडा संपतो. सहा पडल्यास पाच रुपये मिळत असतील व न पडल्यास एक जात असेल तर खेळावे की न खेळावे, चार मिळत असतील तर काय, हा प्रश्न त्यास कोणी घालीत नाही. एक पायरी राहिली आहे, आणि नेमकी त्याच पायरीवर बाहेर खायवाल बसला आहे.

दुसरा वर्ग नीतिपाठावर भिस्त ठेवणाऱ्यांचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे; बायको दुरावलेला, कर्जाने गांजलेला जुगारी त्यात आपली कर्मकहाणी सांगतो, व अखेर त्यास फासे टाकून देऊन शेती करण्याचा उपदेश होतो. त्याहून जुना व आम्हां कास्तकारांस अधिक साजेसा नीतिपाठ कोठे मिळावयाचा? धर्मराजाने द्यूतात काय काय लावले हे तर गावातील लहान पोरही सांगते. उपदेशाची उणीव कधीच नव्हती. शेंडगावच्या गाडगेबाबांची आठवण मात्र येथे आवर्जून करावीशी वाटते. ते कीर्तनात लोकांस प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. ऋण काढून सण करणाऱ्याचा हिशेब त्यालाच करावयास लावीत. शाळेने ती रीत उचलावी. "खेळू नका" असे सांगितलेला मुलगा चोरून खेळतो. ज्याने स्वतः बेरीज करून पाहिली त्याच्या हाती निदान बेरीज तरी राहते.

तिसरे म्हणणे आमच्याच बंधूंचे आहे आणि ते ऐकून आम्हांस उत्तर देणे जड जाते. शेती तरी दुसरे काय आहे, मृगावर व भावावर लावलेला सट्टाच ना, असे ते म्हणतात. मुलेही बापाच्या तोंडचे हे वाक्य उचलतात. दोन सलग वर्षे सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसापुढे तर्क चालवू नये हे आम्ही जाणतो. तरी भेद आहे. पाऊस आपल्याविरुद्ध हिशेब मांडून बसलेला नसतो. एखादे साल बुडते, एखादे साल तारते, आणि बुडालेल्या सालीही बांधावरचे झाड व जमिनीतला कस शिल्लक राहतो. सट्ट्यात तुमचे बुडणे हाच समोरच्याचा धंदा असतो, व त्याचा दर आधी ठरलेला असतो. शेतीत जोखीम आहे म्हणूनच तर कास्तकाराच्या मुलाने जोखीम मोजण्यास इतरांहून आधी शिकले पाहिजे. पीकविमा घ्यावा की नाही, तूर राखावी की विकावी, हे निर्णय याच गणिताने व्हावयाचे असतात.

या धड्यात काय असावे हेही थोडक्यात सांगतो. मास्तरांनी वर्गात एक मडके आणावे, त्यात शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या टाकाव्यात, व प्रत्येक मुलास वीस चिंचोके द्यावेत. वीस डाव, दर डावास एक चिंचोका, आकडा लागला तर नऊ परत. एखाद्या दिवशी मास्तरच हरतील, व दोन-चार मुलांचे खिसे फुगतील. त्याने बिघडत नाही. पहिल्या दिवशी जिंकणाराच पुढे बुडतो, हे त्यातून दिसावयाचे आहे. पस्तीस मुलांच्या वर्गात हा खेळ पाच दिवस चालविला तर साडेतीन हजार चिंचोके लावले जातील, व अखेरीस मास्तरांपाशी बहुधा तीन-साडेतीनशे जास्तीचे साचलेले आढळतील, कधी कमी, कधी अधिक. मग ते कोठून आले हे मुलांसच शोधू द्यावे. दुसऱ्या तासास दुपटीच्या युक्तीचा वर दिलेला हिशेब. कौशल्याचा गर्व असलेल्या मुलांस सेबीची २०२४ च्या सप्टेंबरातील पाहणी वाचून दाखवावी. शेअर बाजाराच्या वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत शंभरांपैकी ९३ व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांस तोटा झाला असे तीत आढळले, आणि ते सर्व काही अडाणी नव्हते.

एक तास बँकेच्या खात्यासाठी ठेवावा. सट्ट्याचा पैसा फिरविण्यासाठी लोकांची खाती भाड्याने घेतात. दोन-पाच हजारांच्या आशेने मुलगा आपले किंवा बापाचे खाते वापरू देतो, पुढे पोलिसांच्या पत्रावरून ते गोठते, आणि त्याच खात्यावर चुकारा व अनुदान यावयाचे असते. हा धोका बापांसही ठाऊक नाही, म्हणून त्या तासास पालकांस बोलवावे.

सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी चालविते, मग ती कशी चालते, असा प्रश्न एखादा चलाख विद्यार्थी विचारील. मास्तरांनी तो टाळू नये. तिच्यातही कटती आहे, ती सरकारी तिजोरीत जाते, आणि तिकीट घेणाऱ्याच्या दृष्टीने हिशेब तोच, असे सरळ सांगावे.

सर्वांत महत्त्वाचा तास शेवटचा, व त्यात गणित नाही. हरलेल्या मुलाने कोणास सांगावे? त्या म्हाताऱ्याच्या मुलाने पहिल्या दोन हजारांस तोंड उघडले असते तर विहिरीचा तुकडा वाचला असता. फसवणूक झाली तर १९३० व मनाने खचला तर टेलि-मानसचा १४४१६, हे दोन क्रमांक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यावर कायम लिहिलेले असावेत. परंतु क्रमांकाच्या आधी घर आहे. मुलाने कबुली दिली त्या रात्री हात उगारावयाचा नाही, एवढे पथ्य आम्हां बापमंडळींस पाळावे लागेल. आम्हांस ते सोपे वाटत नाही. आमचाही हात तापट आहे.

बाहेरच्या देशांत काय चालले आहे तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने खेळांवरील सट्ट्याची वाट राज्यांस मोकळी झाली व राज्यांमागून राज्ये तो कायदेशीर करू लागली. पुढे व्हर्जिनिया राज्यास २०२२ साली कायदा करून शाळांतून जुगाराच्या व्यसनाविषयी शिकविणे भाग पाडावे लागले. तेथे आधी सट्टा आला, मग धडा. आमच्याकडे तो निषिद्ध असून आलेला आहे. धडा अद्याप यावयाचा आहे.

यासाठी नव्या पुस्तकाची अथवा शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. संभाव्यतेचे प्रकरण आहे, मडके आहे, चिंचोके तर आहेतच. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर अथवा शिक्षणसंस्थांचे सभासद आहेत. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यापूर्वीच्या सभेत हा विषय त्यांनी मांडावा, गणिताच्या मास्तरांस विचारून पाच तास ठरवून घ्यावेत, आणि ते शक्यतो आयपीएलचा हंगाम सुरू होण्याच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी, पुरे करावेत. मटक्याचा, नव्वद पैशांच्या भावाचा व दुपटीचा असे तीन हिशेब आम्ही एका कागदावर मांडून ठेविले आहेत. ज्या शाळेस ते हवे असतील तिने या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे, म्हणजे नक्कल करून पाठवू, नक्कलफी नाही.